शनिवारचा मुळा

माझे भावोजी तसे कमी बोलणारे. बोलले तर तेलाविषयी. कुणाकडे जेवायला गेलो की पहिला घास तोंडात घालण्याआधी ते ताट नाकापाशी नेतात आणि माझ्याकडे वाकून, त्यांच्या मते हळू आवाजात, सांगतात, "तेल जुनं आहे." सगळ्या टेबलाला ऐकू जातं. घरची बाई लाल होते, ताई डोळे वटारते आणि मी ताटात तोंड घालून हसू दाबते. त्यांचं त्यांना काहीच नसतं. ते आपले जेवायला लागतात.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. सगळी नोकरी त्यांनी कपड्यांच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तळणीपाशी उभं राहून काढली. बटाट्याचे लांब कांड्यांचे चिप्स, कांद्याच्या चकत्या, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेली कोंबडी, मासे. पाण्यात शिजतं ते दुसऱ्यांनी करायचं, तेलात पडतं ते ह्यांनी. कारखान्यात त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं, सगळे 'झारा' म्हणत. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणातही 'आपले झारासाहेब' म्हणाले आणि भावोजींना त्यात काही खटकलं नाही. त्यांच्या हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तेलाचे पांढरे ठिपके आहेत. त्याला ते पगारवाढ म्हणतात.

कॅन्टीनची जेवण द्यायची खिडकी बुटकी होती. आतून बघणाऱ्याला बाहेरचा माणूस गळ्याखालीच दिसायचा. हात, ताटली आणि पोट. त्यामुळे आपलं केलेलं कुणाला आवडलं आणि कुणाला नाही, हे भावोजींना तोंडं बघून कधी कळलंच नाही. ते कानांनी ओळखायचे. कढईचंही तसंच. ओला जिन्नस तेलात पडला की कढई ओरडते, पाणी उडत गेलं की तिचा आवाज खाली खाली येतो, आणि शेवटी नुसती कुजबूज उरते. तेव्हा काढायचं. भावोजी कढईकडे पाठ करून कांदे चिरत असायचे आणि नेमक्या वेळी वळून झारा घालायचे. खाणाऱ्यांकडेही त्यांची पाठच. दाताखाली काहीतरी मोडल्याचा आवाज आला की त्यांचं काम झालं.

तिथेच ते एक नियम शिकले, आणि आमच्या घरात पुढे जे रामायण घडलं ते ह्या नियमापायी. एकदा कॅन्टीनच्या मुकादमाने भिंतीवर कागद लावला, 'सोमवारपासून नवीन तेल'. सोमवारी दुपारी हा गोंधळ. कुणाच्या छातीत जळजळ, कुणाला साबणाचा वास, दोन बाया तर दवाखान्याच्या खोलीत जाऊन आडव्या झाल्या. तेल आलंच नव्हतं. गाडी वाटेत बंद पडली होती आणि सगळं जुन्याच तेलात तळलेलं होतं. पुढच्या आठवड्यात खरं नवीन तेल आलं, भावोजींनी गुपचूप वापरायला घेतलं. एकाने ढेकर दिला आणि म्हणाला, "आज मजा आली." तेव्हापासून त्यांनी खूणगाठ बांधली की बदल करायचा, पण सांगायचा नाही. हळूहळू मिसळत न्यायचं, थोडं जुनं, थोडं नवं, मग थोडं जास्त नवं. सांगितलं की माणूस जिभेने खात नाही, डोक्याने खातो. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

ताई त्याच कारखान्यात रफूच्या खात्यात होती. कापडात कुठे छेद गेला, धागा तुटला, की तिच्याकडे यायचं. खिडकीतून भावोजींना तिचा फक्त हात दिसायचा, आणि बोटातलं शिवणाचं टोपण, जे ती जेवतानाही काढायची नाही. ताटली चाटूनपुसून रिकामी व्हायची आणि खिडकीतून परत आत यायची. सोबत एकच शब्द, "अजून." 'प्लीज' नाही, 'दादा' नाही, काही नाही. बाकीच्या बायका लाजून मागायच्या किंवा भांडून मागायच्या. ही नुसतं "अजून" म्हणायची, जणू देणाऱ्यालाही द्यायचंच आहे हे तिला माहीत होतं. पुढे कुणीतरी मध्यस्थी करून स्थळ आणलं, तेव्हा बैठकीच्या खोलीत ताई काहीतरी बोलली आणि भावोजी एकदम ताठ झाले. "आवाज ओळखीचा आहे," ते म्हणाले, "चेहरा आज बघतोय." आमचे वडील घाबरलेच होते.

आता ती दोघं आमच्याच इमारतीत राहतात, मी त्यांच्या डोक्यावर. रस्त्याच्या कडेला माझं लाँड्रीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांचे फाटलेले कोट, उसवलेले स्वेटर मी ताईकडे पाठवते आणि ती खिडकीपाशी बसून रफू करते. तिचा हात फिरला की छेद कुठे होता हे मलाही सांगता येत नाही, आणि माझी नजर काही वाईट नाही.

वाईट ताईची झाली. साखर तिला बरीच वर्षं आहे. गोळ्या झाल्या, मग इन्सुलिन सुरू झालं, आणि मग एक दिवस डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्यावर बारीक रक्तस्राव दिसतोय. साखर आवरली नाही तर हे वाढणार. ताईने घरी येऊन सुईत दोरा ओवला, ओवला गेला, आणि मग ती रडली. तिला मरणाची वगैरे भीती नाही. सुईचं नेढं दिसेनासं होईल ह्याची भीती आहे. ती म्हणाली, "छोटे, मी दिवसभर करू काय मग?"

साखरेच्या डॉक्टरीणबाई शहाण्या आहेत, उगीच घाबरवत नाहीत. पाव कमी, बटाटा कमी, पीठ कमी, थोडक्यात कार्ब कमी, असं त्यांनी सांगितलं. आणि ताईला हिशोब शिकवला. दर जेवणाआधी ताटाकडे बघायचं, त्यात बटाटा-पाव किती ते मनात धरायचं आणि इन्सुलिनच्या पेनवर तेवढाच आकडा लावून टोचायचं. ताटात चिप्स असतील तर जास्त, नुसती भाजी-अंडं असेल तर अगदी थोडं. साखर फार खाली गेली तर हात थरथरतात, घाम फुटतो, तेव्हा तोंडात टाकायला गोड गोळ्यांची डबी जवळ ठेवायची.

हे ताईला पाठ होतं, मला माहीत होतं. भावोजींना नव्हतं. उकळत्या तेलाशी आयुष्यभर अंगलगट केलेला हा माणूस सुईला घाबरतो. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या तेव्हा हे बाहेर व्हरांड्यात उभे राहून भिंतीवरचं डोळ्याचं चित्र बघत होते. घरीही ताई त्यांच्या देखत टोचून घ्यायची नाही, आतल्या खोलीत जाऊन दार लोटायची. त्यांना वाटायचं, सकाळच्या गोळीसारखीच ती सुईही रोजची ठरलेली.

ताईने सगळं सोडलं. एक शनिवारचे चिप्स तेवढे ठेवले, तेही डॉक्टरीणबाईंना विचारून, मोजून. बाकी दिवस उकडलेली भाजी, उकडलेली कोंबडी, उकडलेलं अंडं. ती कुरकुर करायची नाही, आणि तेच वाईट होतं. ताट पुढे आलं की औषध घेतल्यासारखं संपवायची आणि उठायची. भावोजी ओट्यापाशी पाठ करून उभे राहायचे आणि त्यांच्या कानावर काही पडायचं नाही. उकडलेल्या भाजीला आवाज कुठला? त्या घरातून 'अजून' हा शब्दच गेला.

मग भावोजी कामाला लागले. सकाळी बाजारातून पिशव्या भरून यायच्या आणि दुपारी ताई डुलकी काढत असताना स्वयंपाकघरातून वास यायचे. मला वरून हाका. "छोटे, जरा खाली ये." मी खाली गेले की ताटलीत काहीतरी ठेवलेलं असायचं आणि ते माझ्याकडे पाठ करून उभे. फ्लॉवरचे तुरे अंड्यात बुडवून तळलेले, ते बरे होते. भोपळ्याचे काप, ते तेल पिऊन मऊ पडले. कोबीचा गड्डा चिरून तळला तर घराला असा वास सुटला की शेजारच्या म्हातारीने ड्रेनेजवाल्याला फोन केला. कोंबडी मात्र त्यांना जमली. ब्रेडच्या चुऱ्याऐवजी सूर्यफुलाच्या बिया आणि तीळ भाजून भरड कुटायचे, त्यात किसून वाळवलेलं चीज घालायचं, कोंबडी अंड्यात बुडवून त्यात घोळवायची आणि मंद आचेवर तळायची, कारण बिया पटकन करपतात. मी तीन तुकडे हाणले आणि म्हटलं, "भावोजी, हे ब्रेडपेक्षा भारी झालंय." त्यांनी मान हलवली, पण वळले नाहीत. माझं चावणं त्यांना आधीच ऐकू आलं होतं.

संध्याकाळी त्यांनी ती कोंबडी ताईपुढे ठेवली आणि, नियम मोडून, सांगितलं, "ह्यात ब्रेड नाही. बिया आहेत. तुला चालेल." ताईने एक तुकडा खाल्ला. "छान आहे," ती म्हणाली आणि ताटली बाजूला केली. "खरंच छान आहे हो, पण पुरे." फ्लॉवरचंही तेच झालं. 'तुला चालेल' म्हटलं की तिचा चेहराच पथ्याचा व्हायचा. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आज काय प्रयोग?" तर म्हणाले, "सोडून दिलं." मला वाटलं, हरले बिचारे.

हरले कसले. ते परत कॅन्टीनमध्ये गेले होते, मनाने.

पुढचं सगळं मला नंतर कळलं, पण ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने सांगते. त्यांनी मुळा निवडला. जाड, पांढरा मुळा. तो चिप्ससारखा लांब चिरून मिठाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून उकळायचा, म्हणजे उग्रपणा जातो. मग फडक्यावर पसरून पंख्याखाली वाळवायचा, अगदी कोरडा, कारण मुळ्यात पाणी फार आणि ओला मुळा कधी कुरकुरीत होत नाही. अंड्याच्या पांढऱ्याचा पुसटसा हात आणि त्यावर चीजची पूड, म्हणजे रंग बटाट्याचा येतो. आणि खरी लबाडी पुढेच आहे. आधी त्या तेलात बटाट्याची सालं तळून काढून टाकायची, म्हणजे तेलाला बटाट्याचा वास लागतो. दोनदा तळायचं, आधी मंद, मग कडक. आवाज बसला की काढायचं.

पहिल्या शनिवारी बटाट्याच्या चिप्समध्ये मुळ्याचे थोडेच. पुढच्या शनिवारी जरा जास्त. मी दर शनिवारी तिथे जेवायला असते. मी खाल्ले. मला काही कळलं नाही, आणि मी स्वतःला मोठी खवय्या समजते.

ताईलाही कळलं नाही. ती ताटाकडे बघायची, बटाट्याचा हिशोब करायची, आत जाऊन बटाट्याचं औषध टोचायची आणि येऊन निम्मा मुळा खायची. जेवणानंतर तिचा हात थरथरायला लागला. तिला वाटलं, आपलाच हिशोब चुकला. तिने कुणाला न सांगता डबीतल्या दोन गोड गोळ्या तोंडात टाकल्या. पुढच्या शनिवारी परत तेच. ते भावोजींनी पाहिलं. त्यांच्या डोक्यात काय आलं असेल? आपण इथे साखर वाचवायला मुळे वाळवतोय आणि ही बाई चोरून गोळ्या चघळतेय. त्यांनी ती डबी उचलली आणि कचऱ्यात टाकली. त्याबरोबर घरातली साखर, जॅम, सरबताची बाटली, सगळं टाकलं. तिला बोलले काहीच नाहीत. बदल करायचा, पण सांगायचा नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी ताटात बटाटा औषधालाही नव्हता. सगळा मुळा.

आणि काय जेवली ती त्या दिवशी! इतक्या महिन्यांत मी तिला तसं जेवताना पाहिलं नव्हतं. भावोजी ओट्यापाशी पाठ करून उभे होते आणि टेबलावरून कुरकुर आवाज चालला होता. ताटली रिकामी झाली. ताई उठली, म्हणाली, "आज अजून घेणार आहे, त्याचंही टोचून येते." मग आतून आली, बसली आणि ताटली पुढे सरकवून म्हणाली, "अजून." भावोजींचे कान लाल झालेले मला मागून दिसले. मला वाटलं, म्हातारा रडतोय की काय.

जेवून मी दुकानात गेले. एका गिऱ्हाइकाचा कोट संध्याकाळी न्यायचा होता म्हणून तासाभराने तो घ्यायला परत त्यांच्याकडे आले. ताई खिडकीपाशी बसून शिवत होती. "झाला का गं कोट?" मी विचारलं. ती म्हणाली, "वाजले का दिवे?" मी म्हटलं, "काय?" तिचा चेहरा घामाने चिंब होता. मी जवळ गेले आणि पाहिलं, की तिने गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही स्वतःच्या बाहीला शिवली होती. बारीक, सुरेख टाके. अजून घालतच होती.

मी ओरडले, "भावोजी, डबी!" ते स्वयंपाकघरातून आले, हातात ओलं फडकं. "कसली डबी?" "गोळ्यांची! साखर खाली गेलीय तिची!" मी खण उपसला, डबी नाही. "साखर द्या, जॅम द्या, काहीही गोड द्या." त्यांनी डबे उघडले. एकात तीळ, एकात बिया, एकात वाळवलेलं चीज. भरल्या स्वयंपाकघरात चमचाभर साखर नव्हती. मी जिने कशी चढले ते मला आठवत नाही. साखरेचा डबा घेऊन आले, पाण्यात कालवली आणि ताईला घोट घोट पाजली. कोटाची बाही तिच्याबरोबर वर खाली होत होती. भावोजी तिच्या पायाशी जमिनीवर बसले होते आणि तिचा घोटा घट्ट धरून ठेवला होता.

हळूहळू ती परत आली. आधी घाम थांबला, मग तिने माझ्याकडे बघून "छोटे" म्हटलं, मग बाहीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे कुणी शिवलं?"

आम्ही तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, साखर आता ठीक होती. "काय खाल्लंत?" त्यांनी विचारलं. ताई खाली मान घालून म्हणाली, "बटाट्याचे चिप्स. दोन ताटल्या. त्याच हिशोबाने टोचलं. म्हणजे पेनवरचा आकडाच चुकीचा वाचला असणार. ह्याआधीही दोन शनिवारी असं झालं, मी बोलले नाही." तिने मान वर केली. "मला आता आकडे दिसेनासे झालेत, डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या की डोळे पुन्हा तपासून घेऊ, तोवर पेन दुसऱ्या कुणीतरी लावून द्यावं, आणि बारीक काम काही दिवस बंद ठेवावं. त्या बरोबरच बोलत होत्या, त्यांच्यापुढे जे आलं त्यावरून. ताईने मान हलवली. मग तिने बोटातलं टोपण काढलं, पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन लावली. तिचं टोपण नसलेलं बोट मी कधी नीट बघितलंच नव्हतं. टोकाशी ते अगदी लहान मुलीच्या बोटासारखं मऊ होतं.

भावोजी नेहमीप्रमाणे दाराबाहेर होते. ते आत आले. टेबलावर ट्रेमध्ये सुया होत्या, तिकडे न बघता ते ताईसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मुळा होता."

"काय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ताटात बटाटा नव्हता. मुळा होता, सगळा. आधीच्या शनिवारी थोडा थोडा मिसळलेला. आणि गोळ्या मी टाकल्या." ते ताईकडे बघत होते. "तू बरोबर वाचलंस गं. तुझे डोळे बरोबर आहेत. लबाडी माझी."

मी ताईकडे बघत होते, मला वाटलं आता ही ह्यांना भिंतीवर मारणार. तिने पर्सची चेन उघडली, टोपण काढलं आणि बोटात घातलं.

मी मात्र दवाखान्याच्या बाहेर फुटपाथवर भावोजींना सोडलं नाही. "लोकांना काय खायला घातलं ते सांगायची एवढी कसली लाज वाटते तुम्हाला? कारखाना आहे का हा? गेली असती म्हणजे?" येणारेजाणारे थांबून ऐकत होते. मला त्या बोलण्याचं आजही वाईट वाटत नाही. ज्याचं त्याला मिळायला हवं, आणि त्या दिवशी ते त्यांचं होतं.

डॉक्टरीणबाईंनी नंतर भावोजींना समोर बसवून सगळा हिशोब समजावला, सुईसकट. ते घाम पुसत ऐकत राहिले. त्या म्हणाल्या, कार्ब कमी केलेत ते चांगलंच केलंत, पण जेवण बदललं की औषध बदलावं लागतं, आणि ते टोचणाऱ्याला माहीत हवं. घरी येऊन भावोजींनी पहिलं काम काय केलं, तर कढई घासली, पुसली, कागदात गुंडाळली आणि कपाटाच्या वर टाकली. झाराही. मग परत उकडलेलं सुरू झालं. ताई दर ताटाला विचारायची, "ह्यात काय आहे?" भावोजी सांगायचे, "भाजी." दिसतच असायची भाजी. तरी ती विचारायची, आणि प्रत्येक वेळी ते थोडे आणखी वाकल्यासारखे दिसायचे. मला आधी बरं वाटलं. मग वाटेना. दोन भली माणसं एकमेकांसमोर बसून फ्लॉवर चावतायत, हे कितीदा बघायचं?

डोळे पुन्हा तपासले, आहे तिथेच थांबलेत असं निघालं. त्यानंतरच्या शनिवारी मी जेवायला गेले, तर ताई स्टुलावर चढून कपाटाच्या वर हात घालत होती. "अगं पडशील," मी म्हटलं. तिने कढई काढली, कागद फाडला आणि ती ओट्यावर आपटली.

"तळा," ती भावोजींना म्हणाली.

"नको," भावोजी म्हणाले.

"का नको?"

"सांगावं लागेल. सांगितलं की लागत नाही. मी आयुष्यभर बघितलंय."

"तुम्ही कुणाचं तोंड बघितलंय आयुष्यात? खिडकीतून पोटं बघितलीत नुसती." मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तिने खुर्चीवरचा गिऱ्हाइकाचा कोट उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "दाखवा ह्यात छेद कुठे होता."

भावोजींनी कोट उलटसुलट केला. "नाही दिसत."

"दिसू नये म्हणूनच तर डोळे फोडलेत मी. पण गिऱ्हाईक आलं की बोट ठेवून सांगते, इथे फाटला होता, इथे रफू आहे, जपून वापरा. लोक तरी कोट घालतातच ना? दिसू देऊ नका हो, तुमचा हात आहे तसा. पण मला सांगा."

भावोजींनी खालच्या फडताळातून मुळे काढले. म्हणजे मुळे घरात होतेच. कुणासाठी आणून ठेवले होते कोण जाणे.

उकळणं, वाळवणं, तळणं, दुपार सरत आली. आम्ही दोघी टेबलाशी भुकेजून बसलो होतो. कढईचा आवाज मोठा झाला, मग खाली आला, मग बसला. भावोजींनी काढून ताटली भरली, ताईपुढे ठेवली, आणि सरळ उभे राहून, शाळेत नाव विचारलेल्या मुलासारखे, मोठ्याने म्हणाले, "मुळा! अंड्याचा पांढरा, चीज. बटाटा नाही. बटाट्याची सालं तेलात तळून काढून टाकली, ती खाण्यात नाहीत."

ताईने ताटाकडे बघितलं, मनात हिशोब केला. पेन ती बरोबरच घेऊन आली होती. आत गेली नाही, तिथेच टेबलापाशी पेनवर अगदी थोडंसं औषध लावलं. भावोजींनी तिच्या हातातल्या पेनचा आकडा वाकून वाचला, ओठ घट्ट मिटून, आणि मान डोलावली. टोचताना मात्र त्यांनी डोळे मिटले.

मग ते ओट्याकडे वळले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. झारा त्यांच्या हातातच होता. तेल निवत होतं आणि ते कान देऊन उभे होते. ताईने एक कांडी उचलली. कुरकुर आवाज आला. मग काहीच नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, तिला 'छान आहे, पण पुरे' म्हणायचं असेल तर तिचा चेहरा कसा होतो ते मला माहीत होतं. भावोजींचे खांदे वर आले होते. तिने दुसरी उचलली. मग तिसरी. मग ती थांबलीच नाही, आणि मी माझ्या ताटलीतले खायचे विसरून बघत राहिले.

शेवटची कांडी संपली. ताईने बोटांना लागलेलं मीठ चाटलं, रिकामी ताटली उचलली आणि भावोजींच्या पाठीमागून ओट्यावर सरकवली.

"अजून," ती म्हणाली. आणि मग, ते वळायच्या आत, "काय आहे ते परत सांगा."

भावोजी ताटली उचलून वळले.

"मुळा," ते म्हणाले.